इर्जिक आणि वेठ : कंपनीतील हॅकेथॉनचा इतिहास

नवा शब्द भाषेत शिरतो तेव्हा बहुधा एकटा येत नाही. एखादी प्रथा, एखादी संस्था आणि कामाविषयीची एखादी समजूत तो पाठीशी बांधून आणतो. ‘हॅकेथॉन’ हा असाच एक शब्द. गेल्या काही वर्षांत तो मराठी वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. प्रोग्रामर मंडळींनी एका ठिकाणी जमावे, तीन-चार जणांचे गट करावेत, चोवीस किंवा छत्तीस तास सलग बसून एखाद्या नव्या कल्पनेचा चालता-बोलता नमुना तयार करावा आणि शेवटी तो सर्वांसमोर मांडावा, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे आमच्यापुरते उत्तर असे की, हॅकेथॉन हा मुळात एक आकृतिबंध आहे. वेळेचे बंधन, दिलेला विषय, समोर श्रोते आणि निवाडा करणारे जाणकार ही त्याची अंगे समस्यापूर्ती जाणणाऱ्याला किंवा रात्रभर रंगणारे कलगी-तुऱ्याचे सामने ठाऊक असणाऱ्याला मुळीच अपरिचित नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. निर्मिती स्वतःच्या आनंदासाठी असते की मालकासाठी, हा साहित्यव्यवहारातला जुना प्रश्न या प्रथेत पुन्हा नव्याने उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात म्हणूनच आम्ही खुल्या स्पर्धांचा विचार गौण मानला असून, कंपनी आपल्याच नोकरांसाठी जो हॅकेथॉन भरवते त्याच्या इतिहासावर भर दिला आहे.

१

प्रारंभ शब्दापासून करू. ‘हॅक’ आणि ‘मॅरॅथॉन’ यांचा हा जोडशब्द. त्यातल्या उत्तरपदाची गंमत अशी की त्याला स्वतःचा अर्थच नाही. मॅरॅथॉन हे ग्रीसमधल्या एका गावाचे नाव आणि त्याचा संबंध बडीशेपेच्या ग्रीक नावाशी जोडतात. इसवी सनापूर्वी ४९० साली तेथे ग्रीकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला धावत गेलेला आणि ती सांगताच कोसळून मेलेला दूत मात्र हेरोडोटसच्या इतिहासात आढळत नाही. हेरोडोटसचा दूत मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला धावतो. मरून पडणारा धावपटू आपल्याला भेटतो तो कित्येक शतकांनंतरच्या लेखकांकडे. या आख्यायिकेवरून १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये लांब पल्ल्याची शर्यत ठेवावी असे सुचवणारा गृहस्थ होता मिशेल ब्रेआल. ‘अर्थविचार’ या ज्ञानशाखेला तिचे फ्रेंच नाव देणारा भाषाशास्त्रज्ञ तो हाच. शब्दांचे अर्थ कसे सरकतात याचा अभ्यास करणाऱ्याने रूढ केलेल्या शब्दाचे शेपूट पुढे तोडले गेले आणि ‘दमछाक होईपर्यंत चालणारे काहीही’ एवढ्या अर्थाचा प्रत्यय होऊन बसले, हा योगायोग अर्थशास्त्राच्या नव्हे, तर अर्थविचाराच्या वर्गात सांगण्यासारखा आहे.

पूर्वपद अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण इंग्रजीत ‘हॅक’ हे उच्चाराने एक असले तरी उगमाने दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ तोडणे, ओबडधोबड घाव घालणे. दुसरा ‘हॅकनी’ या शब्दाचे संक्षिप्त रूप. हॅकनी म्हणजे साधा, पुढे भाड्याने मिळणारा घोडा. या भाड्याच्या घोड्यावरूनच पैशासाठी सांगितले ते लिहून देणाऱ्या लेखकाला इंग्रजीत ‘हॅक’ म्हणू लागले. अठराव्या शतकातील लंडनच्या ग्रब स्ट्रीटचा इतिहास शिकवताना हा शब्द आपण वर्गात उच्चारतोच. संगणकवाल्यांचा ‘हॅक’ पहिल्या शब्दाच्या कुळातला मानला जातो. पण कंपनीतील हॅकेथॉनकडे पाहताना दुसऱ्या शब्दाची सावली काही केल्या पुसली जात नाही. स्वतःच्या हौसेने घाव घालणारा कारागीर आणि भाड्याने जुंपलेला घोडा हे दोघेही एकाच रात्री एकाच टेबलाशी बसलेले दिसतात.

२

संगणकी अर्थाचा ‘हॅक’ जन्मला तो एका खेळण्याच्या संगतीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांचा एक मंडळवजा क्लब होता. टेक मॉडेल रेलरोड क्लब हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात्पुरती म्हणून उभारलेल्या आणि प्रत्यक्षात १९९८ पर्यंत टिकलेल्या एका लाकडी इमारतीत, ‘बिल्डिंग २०’ मध्ये, या मंडळींनी छोट्या आगगाड्यांचे विस्तीर्ण जाळे मांडले होते. काहींना वरची गावे, पूल आणि डबे रंगवण्यात रस, तर काहींना टेबलाखालच्या तारांच्या गुंत्यात. या दुसऱ्या गटाने टेलिफोन केंद्रातील टाकाऊ सामग्री जमवून रूळ बदलण्याची आणि गाड्या चालवण्याची अफाट यंत्रणा उभी केली. क्लबच्या १९५५ च्या इतिवृत्तात विद्युत्-यंत्रणेवर ‘हॅक’ करण्याचा उल्लेख सापडतो आणि १९५९ साली पीटर सॅमसन या सभासदाने क्लबच्या बोलीचा एक छोटा कोशच सिद्ध केला. बोलीचा कोश निघतो तेव्हा ती बोलणाऱ्यांची एक जमात झालेली असते, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

१९५८ च्या सुमारास टीएक्स-झिरो नावाचा संगणक या संस्थेत आला आणि टेबलाखालची मंडळी त्याच्याकडे वळली. दिवसा त्या यंत्रावर अधिकृत संशोधकांचा हक्क असे. रात्री ते मोकळे असे. म्हणून मुले रात्री जात आणि कोणी नेमलेल्या वेळेला आला नाही की ती वेळ पटकावीत. स्टीव्हन लेव्ही याने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॅकर्स’ या ग्रंथात ही सारी हकीकत तपशिलाने आली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या जागरणामागे एक ठोस कारण होते. यंत्र एकच होते आणि ते रात्रीच मिळत असे. रात्र ही शौर्याची निशाणी म्हणून निवडलेली नव्हती, ती उरलेली होती. पुढे प्रत्येकाच्या मांडीवर स्वतंत्र संगणक आला, कारण नाहीसे झाले, तरी रात्र मात्र प्रथेत टिकून राहिली. कर्मकांडाचा जन्म पुष्कळदा असाच होतो.

३

‘हॅकेथॉन’ हा शब्द प्रत्यक्ष वापरात आला तो १९९९ च्या जून महिन्यात आणि तोही दोन अगदी भिन्न ठिकाणी.

पहिले ठिकाण कॅनडातील कॅलगरी. ‘ओपनबीएसडी’ या मुक्त संगणक-प्रणालीवर काम करणारे दहा प्रोग्रामर ४ जून १९९९ रोजी तेथे एकत्र आले. प्रकल्पाचा प्रमुख थिओ डी राट कॅलगरीचाच रहिवासी. पण हे लोक तेथे जमले यामागे कायद्याचे कारण होते. त्या काळी अमेरिकेतून सबळ सांकेतिकीकरणाची, म्हणजे मजकूर गुप्त लिपीत बांधून पाठवण्याची, आज्ञावली बाहेर धाडण्यावर कडक निर्बंध होते. अमेरिकेच्या भूमीवर लिहिलेली अशी संहिता जगाला वाटणे हा गुन्हा ठरू शकत होता. कॅनडात बसून ती लिहिली तर ही अडचण येत नव्हती. म्हणून माणसे सीमा ओलांडून आली, बसली, लिहिले आणि परतली. तेथे परीक्षक नव्हते, बक्षिसे नव्हती. जे लिहिले ते सर्वांसाठी खुले होते.

दुसरे ठिकाण सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची त्याच महिन्यातील जावा परिषद. कंपनीचा जॉन गेज याने उपस्थितांना आव्हान दिले की, नव्याने बाजारात आलेल्या ‘पाम व्ही’ या तळहातावर मावणाऱ्या यंत्रासाठी जावा भाषेत असा प्रोग्राम लिहा की जो अवरक्त किरणांच्या साहाय्याने शेजारच्या यंत्राशी बोलेल. या उपक्रमालाही नाव दिले गेले ‘हॅकेथॉन’.

एकाच महिन्यात एकाच नावाची ही दोन भावंडे जन्मली. एकाचा आग्रह होता की काम खुले राहावे. दुसऱ्याचा हेतू कंपनीच्या भाषेचा आणि नव्या यंत्राचा प्रसार व्हावा हा होता. पहिल्यात माणसे एकमेकांच्या बोलावण्यावरून आली, दुसऱ्यात यजमानाच्या. पुढच्या पाव शतकाचा इतिहास हा बव्हंशी दुसऱ्या भावंडाने पहिल्याचे कपडे घालून वावरण्याचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे. त्या कपड्यांची ऊब मात्र सर्वस्वी खोटी नव्हती, हेही पुढे दिसेल.

४

कंपन्यांना नोकरांच्या हौसेचा उपयोग ठाऊक नव्हता असे नाही. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत कामाच्या वेळेपैकी १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवण्याची मुभा फार पूर्वीपासून होती. १९८० साली अमेरिकाभर विक्रीस आलेली चिकटचिठ्ठी हे तिचे नेहमी सांगितले जाणारे फळ. गूगलच्या संस्थापकांनी २००४ मध्ये गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात २० टक्के वेळेचा पुरस्कार केला. या पद्धतीतली मुभा वर्षभर पातळ पसरलेली असते. पातळ पसरलेली मुभा रोजच्या घाईत सहज शोषली जाते, आणि हाती उरते ती केवळ नियमावलीतली ओळ.

हौसेचा दुसरा उपयोग किती निष्ठुर असू शकतो, हे ट्रेसी किडर याच्या ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’ या १९८१ च्या पुस्तकात दिसते. त्याला १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. डेटा जनरल या कंपनीत नवे संगणक-यंत्र घडवणाऱ्या तरुण अभियंत्यांची ही सत्यकथा. कोणी कोणाला हुकूम देत नाही. प्रत्येक जण आपण होऊन ‘सही करतो’, म्हणजे सर्वस्व ओतण्याचे मनोमन कबूल करतो. मग रात्री, रविवार, संसार सारे त्या यंत्रात जाते. अखेरीस यंत्र पूर्ण होऊन विक्री विभागाच्या हाती पडते आणि ज्यांनी ते घडवले ते कडेला उभे राहतात. कंपनीतील स्वेच्छा हे किती निसरडे प्रकरण आहे, हे समजून घेण्यासाठी या पुस्तकाइतका चांगला पाठ आम्हांस दुसरा दिसत नाही. वाङ्मयाच्या वर्गात तो वाचला जावा अशी त्याची योग्यता आहे.

कंपनीअंतर्गत हॅकेथॉनला आजचे रूप आले ते २००५ साली. ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन या कंपनीने त्या वर्षी ‘फेडएक्स डे’ सुरू केला. एका रात्रीत टपाल पोचवणाऱ्या कुरिअर कंपनीवरून हे नाव घेतलेले, कारण अट तीच होती : चोवीस तासांत काहीतरी पोचते करायचे. पुढे हे नाव बदलून ‘शिपइट’ झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात याहू कंपनीत चॅड डिकरसन याने पहिला अंतर्गत ‘हॅक डे’ भरवला. नियम मोजकेच होते. एका दिवसात कल्पनेपासून नमुन्यापर्यंत जायचे आणि दिवसाअखेरीस तो सर्वांना चालवून दाखवायचा.

या साध्या नियमांत आयोजनाची बरीचशी विद्या सामावलेली आहे. तारीख काही आठवडे आधी जाहीर करावी लागते, कारण मधल्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशीच्या बैठका आणि मुदती बाजूला सारल्या नाहीत तर माणसे शरीराने हॅकेथॉनमध्ये आणि मनाने कचेरीतच राहतात. गट लहान ठेवतात, कारण मोठा गट एका दिवसात केवळ चर्चा करतो. आवश्यक माहितीसाठे आणि यंत्रांच्या परवानग्या आधीच उघडून ठेवाव्या लागतात, नाहीतर अर्धा दिवस परवानगीच्या अर्जात जातो. जेवण जागेवर पुरवतात. आणि प्रात्यक्षिकाला मिनिटे मोजून दिलेली असतात. ही शेवटची अट सर्वांत मार्मिक आहे. दोन-तीन मिनिटांत चित्रफलकांची रांग दाखवता येत नाही, भाषण ठोकता येत नाही. वस्तू चालवून दाखवावी लागते. कंपनीच्या एरवीच्या जीवनात ज्याला उत्तम बोलता येते त्याची चलती असते. येथे निदान एका संध्याकाळपुरती ज्याला करता येते त्याची पाळी येते.

प्रथेचे खरे स्वरूप येथे उघड होते. रेल्वे क्लबच्या मुलांपुढे अडथळा होता तो एकुलत्या यंत्राचा. कॅलगरीत अडथळा होता परदेशी कायद्याचा. कंपनीच्या प्रोग्रामरपुढचा अडथळा कोणता? बैठका, मंजुऱ्या, मुदती, विभागांच्या भिंती. म्हणजे खुद्द कंपनीच. कंपनीअंतर्गत हॅकेथॉन ही कंपनीने कंपनीपासून दिलेली एक दिवसाची सुटी आहे. वर्षाचे बाकीचे दिवस माणसांना काय करू देत नाहीत, याची ती न बोलता दिलेली कबुलीच होय.

५

सुटी गोड असते याबद्दल शंका नाही. २००६ च्या सप्टेंबरात याहूने आपल्या सनीवेलच्या आवारात बाहेरच्यांसाठीही हॅक डे खुला केला, तेव्हा हिरवळीवर बेक या गायकाची मैफल झाली आणि पहिला मान मिळवला तो तीन तरुणींनी घडवलेल्या एका हातपिशवीने. चालणाऱ्या बाईची पावले मोजून ठराविक अंतराने ती आपोआप छायाचित्र घेई आणि इंटरनेटवर चढवी. कोणत्याही विभागाच्या वार्षिक योजनेत ही पिशवी कधीच बसली नसती. पण त्याच याहूचा मुख्य व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझन कंपनीने विकत घेतला, हेही नमूद करावयास हवे. हॅक डे कंपनीला आनंद देऊ शकतो. दिशा देतोच असे नाही.

फेसबुकने या प्रथेला धर्माचे स्थान दिले. रोजच्या नोकरीत जे करता ते हॅकेथॉनमध्ये करायचे नाही, एवढाच तेथील प्रसिद्ध नियम. २०१२ च्या फेब्रुवारीत भांडवली बाजारात उतरण्यापूर्वी मार्क झुकेरबर्ग याने गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात कंपनीची कित्येक महत्त्वाची अंगे हॅकेथॉनमधून जन्मल्याचे सांगितले. त्याच वर्षी १७ मे च्या संध्याकाळी मुख्यालयात रात्रभराचा हॅकेथॉन भरला आणि १८ मे च्या सकाळी तेथूनच शेअर बाजाराची घंटा वाजवण्यात आली. रात्रीचे जागरण आणि सकाळची घंटा यांची अशी सांगड सहज पडत नाही. जागरण हे मोकळेपणाचे प्रतीक होते, तर घंटा त्या मोकळेपणाचे मोल ठरवणारी.

‘लाइक’चे बटण याच परंपरेतले. त्याचा पहिला नमुना २००७ च्या जुलैमध्ये एका हॅकेथॉनमध्ये तयार झाला. तेव्हा त्याचे नावही वेगळे होते. प्रत्यक्षात ते लोकांसमोर आले ९ फेब्रुवारी २००९ रोजी. म्हणजे एका रात्रीच्या मागे दीड वर्षाहून अधिक काळ उभा आहे. त्या काळात निर्णय पुन्हा पुन्हा लांबणीवर पडला आणि कोणी ना कोणी ती कल्पना पुन्हा पुन्हा पुढे रेटत राहिले. दंतकथेत मात्र उरते ती रात्रच.

मायक्रोसॉफ्टमध्ये २०१४ साली सत्या नडेला यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच उन्हाळ्यात कंपनीभराचा हॅकेथॉन झाला. स्टीव्ह ग्लीसन या माजी फुटबॉलपटूला स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने खुर्चीला जखडून टाकले होते आणि त्याने कंपनीला साद घातली होती. एका गटाने त्याच्यासाठी डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीचा नमुना केला आणि तो पहिला आला. महत्त्वाची गोष्ट त्यानंतर घडली. या कामासाठी कंपनीत कायमचे माणूसबळ नेमले गेले आणि २०१७ मध्ये डोळ्यांनी संगणक चालवण्याची सोय विंडोज प्रणालीतच अंतर्भूत झाली. हॅकेथॉनच्या कैवाऱ्यांनी सांगावी अशी ही खरोखरच उत्तम कथा आहे. पण ती नीट ऐकली तर ती एका दिवसाची कथा नाही. ती तीन वर्षांची आहे.

साहित्याच्या इतिहासात याचा एक जुना दाखला आहे. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी बायरन, शेली आणि त्यांची मंडळी घरात अडकून पडली असता बायरनने सुचवले की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. वेळ कमी, विषय ठरलेला, श्रोते समोर. बायरन आणि शेली या दोन्ही मातब्बर कवींनी आपापल्या गोष्टी अर्धवट सोडल्या. अठरा वर्षांची मेरी मात्र आपल्या कल्पनेला चिकटून राहिली आणि १८१८ च्या प्रारंभी ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली. बायरनने टाकून दिलेल्या तुकड्यावरून पॉलिडोरी या त्याच्या डॉक्टरने रक्तपिपासू भुताची कथा रचली, ती १८१९ मध्ये आली. आव्हान सर्वांना सारखेच होते. फरक पडला तो त्यानंतरच्या महिन्यांत. मेरीला तो काळ मिळाला आणि तिने तो वापरला. हॅकेथॉनमधील बहुसंख्य नमुन्यांना तो मिळत नाही. सोमवारी माणसे आपापल्या जागी परततात आणि शनिवारची पिशवी कपाटात जाते.

६

या प्रथेची चिकित्सा समाजशास्त्रज्ञांनी केलेली आहे. शेरॉन झुकिन आणि मॅक्स पापाडँटोनाकिस यांनी न्यूयॉर्कमधील सात हॅकेथॉनांचा अभ्यास करून २०१७ मध्ये असे मांडले की, हे समारंभ तरुणांना बिनपगारी, अनिश्चित श्रम ही संधी आहे असे मानायला शिकवणारे विधी आहेत. लिली इराणी यांनी २०१५ च्या आपल्या लेखात दिल्लीतील एका हॅकेथॉनचे बारकाईने वर्णन केले. त्यांचा आक्षेप घाईवर आहे. थोड्या दिवसांत काहीतरी उभे करायचे म्हटले की, ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांच्याशी बोलणे, मतभेद मिटवणे, विश्वास कमावणे ही संथ कामे बाजूला पडतात. भारतात २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ३६ तासांच्या अंतिम फेरीसह भरू लागला आणि महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांना त्यातून प्रथमच खऱ्या प्रश्नांशी झुंजण्याचा आनंद मिळाला. तरी शेतकऱ्याच्या अडचणीवरचा उपाय शेतकऱ्याला न भेटता ३६ तासांत सापडतो, अशी समजूत त्यातून दृढ होऊ नये, हा इराणी यांच्या विवेचनातून निघणारा इशारा आपल्याही उपयोगाचा आहे.

कंपनीअंतर्गत हॅकेथॉनला ही टीका जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे माणसे पगारी असतात. मग तेथे कसोटी कोणती लावावी? या ठिकाणी आम्हांस आपल्याच ग्रामव्यवस्थेतील दोन शब्दांचा आधार घ्यावासा वाटतो.

पहिला शब्द इर्जिक. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट किंवा दुसरे मोठे काम अडले की तो गावाला बोलावणे करी. माणसे आपापली औते आणि बैल घेऊन येत आणि एका दिवसात शेत उलथून टाकीत. मजुरी नसे. रात्री यजमान पोटभर जेवू घाली. हॅकेथॉनशी असलेले साम्य थक्क करणारे आहे : एक दिवस, अनेक हात, मोबदल्याऐवजी जेवण आणि कामाबरोबर चालणारा हास्यविनोद. दुसरा शब्द वेठ. तिथेही अनेक हात, तिथेही मजुरी नाही. पण बोलावणे नाकारण्याची सोय नाही. गावगाड्यात हा जुलूम कोणाच्या वाट्याला आला हे आपण जाणतो. महार वतनाच्या नावाखाली राबवून घेण्याच्या विरोधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले आणि पुढे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. वातानुकूलित इमारतीतील पगारदार अभियंत्याच्या जागरणाला वेठ म्हणणे हा त्या इतिहासाचा अपमान ठरेल. आम्ही हे शब्द दोन टोके दाखवण्यापुरते वापरत आहोत. कोणताही सामुदायिक श्रम या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभा असतो आणि तो कोठे उभा आहे हे तपासता येते.

इर्जिकीत शेत यजमानाचेच राहते. पीकही त्याचेच. म्हणजे मालकी हा इर्जिक आणि वेठ यांतला भेद नव्हे. कंपनीत तयार झालेला नमुना कंपनीचा होतो एवढ्यावरून हॅकेथॉनला दोष देता येत नाही. खरा भेद तीन ठिकाणी आहे. पहिला, नकाराचा. इर्जिकीला न आलेल्याशी यजमानाने मनात अढी धरली तर ती इर्जिक उरत नाही. घरी तान्हे मूल असलेली, म्हाताऱ्या आईवडिलांचे करणारी, रात्री थांबू न शकणारी व्यक्ती हॅकेथॉनला आली नाही, तर वार्षिक मूल्यमापनात ती ‘कमी उत्साही’ ठरते का? दिवसाच्या कामाच्या वेळेत हॅकेथॉन भरवला तर हा प्रश्न निम्मा सुटतो आणि रात्रीचे कारण तर १९५८ मध्येच राहून गेलेले आहे.

दुसरा भेद परतफेडीचा. ज्याच्या शेतात आज गाव राबले तो उद्या दुसऱ्याच्या शेतात आपला बैल घेऊन जातो. कंपनी आपल्या नोकराच्या शेतात नांगर घेऊन कधी येणार? ती येऊ शकते ती दोनच रूपांत : वेळ आणि नाव. ज्याची कल्पना निवडली गेली त्याला ती पुढे नेण्यासाठी नेहमीच्या कामातून मोकळीक देणे, ही परतफेड. आणि वस्तू बाजारात गेली तरी ती कोणी घडवली हे नोंदलेले राहणे, हीही परतफेड. लेखकनामाचे मोल साहित्याच्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा भेद शेवटाचा. इर्जिकीच्या दुसऱ्या दिवशी शेत नांगरलेले असते. काम तडीस गेलेले असते. हॅकेथॉनच्या दुसऱ्या दिवशी बहुधा फक्त पहिला तास झालेला असतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही तासांत संहिता लिहून देऊ लागल्यापासून तर नमुना करणे ही गोष्टच स्वस्त झाली आहे. पूर्वी एका रात्रीत जे साधले याचे कौतुक होई, ते आता दुपारच्या चहापर्यंत होऊ शकते. महाग राहिले आहे ते पुढचे : निवड, तपासणी, निगा, आणि ज्याच्यासाठी ते केले त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा पारखून घेणे. म्हणून यापुढे हॅकेथॉनचे आयोजन करणाऱ्याने सर्वांत आधी ठरवण्याजोगी तारीख ही हॅकेथॉनची नाही. दोन महिन्यांनंतर ज्या दिवशी निवडलेल्या नमुन्यांचे काय झाले हे सर्वांसमोर सांगितले जाईल, ती तारीख आधी ठरावी आणि मग मागे येत येत हॅकेथॉनचा दिवस निश्चित व्हावा.

रेल्वे क्लबच्या टेबलाखालच्या मुलांना सुटीची गरज नव्हती. त्यांचे रोजचेच काम मोकळे होते. त्या मोकळेपणाची आठवण म्हणून कंपन्यांनी वर्षातून एक-दोन दिवस राखून ठेवले, हे स्वागतार्हच आहे. पण सणाची परीक्षा सणाच्या दिवशी होत नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावले, पुरणपोळी चारली, यावरून त्याचे वर्ष कसे जाते हे कळत नाही. त्यासाठी त्याच्या खांद्याकडे पाहावे लागते.